शुगर-फ्री चॉकलेट आणि रक्तातली साखर : वाचकांचे प्रश्न

सणासुदीच्या भेटखोक्यांत आता काजूकतलीच्या शेजारी शुगर-फ्री चॉकलेटचा डबा हमखास असतो, आणि घरात मधुमेही माणूस असला की तो डबा बिनदिक्कत त्याच्यापुढे सरकवला जातो. या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. रक्तातल्या साखरेचे आकडे सगळीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. गोळ्यांच्या किंवा इन्सुलिनच्या मात्रेत बदल करायचा तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. ते बोलणं नेमकं व्हावं, एवढ्यासाठी ही उत्तरं आहेत.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. मुलाने शुगर-फ्री डार्क चॉकलेटचा ८० ग्रॅमचा बार आणला आणि यांनी तो एका संध्याकाळी संपवला. खाण्याआधी साखर १६० होती, दोन तासांनी २२० झाली. पाकिटावर 'टोटल शुगर्स ०.३ ग्रॅम' असं स्पष्ट छापलंय. मग साखर वाढली कशी? ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, सांगली

कायद्याने फसवणूक नाही, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमानुसार १०० ग्रॅम पदार्थात ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर 'शुगर-फ्री' लिहिता येतं. पण त्या मोजणीत साखर म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, लॅक्टोज यांसारख्या शर्कराच धरतात. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल हे 'पॉलिऑल' किंवा शुगर अल्कोहोल त्यात येत नाहीत. ते मोजले जातात 'कार्बोहायड्रेट'च्या ओळीत. तुमच्याच पाकिटावर 'टोटल शुगर्स'च्या वरची ती ओळ वाचा. तिथे १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास आकडा असण्याचीच शक्यता जास्त.

शुगर-फ्री चॉकलेटात बहुतेक वेळा माल्टिटॉल असतं. ते साखरेच्या ९० टक्के गोड असतं, साखरेसारखंच बारीक दळलं जातं आणि चॉकलेटचा पोत बिघडवत नाही, म्हणून कारखान्यांना ते सोयीचं पडतं. लहान आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल असे दोन तुकडे होतात. हे काम सावकाश आणि अर्धवट होतं, पण होतं. त्यातलं ग्लुकोज सरळ रक्तात जातं. ढोबळ हिशेबासाठी माल्टिटॉलचा परिणाम साखरेच्या निम्मा धरावा.

आता तुमचा बार घ्या. त्यात ४० टक्के माल्टिटॉल धरलं तर ८० ग्रॅममध्ये ते ३२ ग्रॅम झालं. म्हणजे साधारण १६ ग्रॅम साखरेइतका परिणाम, चहाचे सपाट तीन चमचे. कोकोमधली थोडी पिष्टं त्यावर वेगळी. संध्याकाळी १६० असलेल्या माणसाने तीन चमचे साखर घातलेलं काही खाल्लं असतं तर २२० पाहून कुणाला नवल वाटलं नसतं.

शिवाय अशा बारमध्ये साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात, कारण साखर काढली तरी चरबी तेवढीच राहते. ती चरबी पोट रिकामं व्हायला उशीर लावते, त्यामुळे चॉकलेटची साखर अजून चढत असतानाच रात्रीचं जेवण त्यावर येऊन पडतं. २२० मध्ये तोही भाग असू शकतो. बार बंद करायची गरज नाही. एका वेळी दोन चौकोन, म्हणजे १५ ते २० ग्रॅम, आणि तेही भुकेच्या वेळी नव्हे तर जेवणानंतर.

प्रश्न : स्टीव्हियाचं चॉकलेट घेतलं तर साखर अजिबात वाढत नाही असं दुकानदार सांगतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात आकडे असतात, ते कसे वाचायचे?
— एक वाचक, ठाणे

पाकिटाच्या पुढे काय लिहिलंय ते सोडून द्या. सुक्रालोज साखरेच्या ६०० पट गोड असतं, स्टीव्हियाचा अर्कही शेकडो पट. १०० ग्रॅम चॉकलेटमधून ४० ग्रॅम साखर काढली तर गोडी भरून काढायला चिमूटभर स्टीव्हिया पुरतो, पण ४० ग्रॅमची जागा रिकामी राहते. ती कशाने भरली, हाच विचारण्याचा प्रश्न. पुढे 'स्टीव्हिया' आणि मागे पहिल्या दोन घटकांत माल्टिटॉल, अशी पाकिटं सर्रास मिळतात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे माल्टिटॉल पहिलं असेल तर त्या चॉकलेटात सगळ्यात जास्त तेच आहे.

नावाऐवजी नुसता क्रमांक असेल तर हे पाहा. ९६५ म्हणजे माल्टिटॉल. ग्लायसेमिक निर्देशांक म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने चढवतो त्याचं माप. ग्लुकोजचा तो १०० आणि साखरेचा ६५ धरला, तर माल्टिटॉलच्या पावडरीचा ३५च्या आसपास आणि माल्टिटॉल सिरपचा ५०च्या वर जातो. सिरप बहुधा आतल्या कॅरमेलमध्ये किंवा मऊ सारणात असतं, म्हणून भरलेली शुगर-फ्री चॉकलेटं साध्या पट्टीपेक्षा जास्त साखर वाढवतात. ४२० सॉर्बिटॉल, ९५३ आयसोमाल्ट, ९६६ लॅक्टिटॉल, ९६७ झायलिटॉल : या सगळ्यांचा निर्देशांक दहाच्या आगेमागे. ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल, ते जवळजवळ शून्य. ते रक्तात शोषलं जातं, पण शरीर ते वापरत नाही, लघवीवाटे तसंच बाहेर टाकतं. ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया, ९५१ अस्पार्टेम यांची मात्राच इतकी कमी असते की साखरेच्या हिशेबात ते धरायला नकोत.

माल्टोडेक्स्ट्रिन हा शब्द दिसला तर मात्र पाकीट परत ठेवा. गोडी फार नाही, 'शुगर'च्या ओळीत फारसं दिसत नाही, पण रक्तातली साखर जवळपास ग्लुकोजइतक्याच वेगाने चढवतं. इन्युलिन आणि पॉलिडेक्स्ट्रोज (१२००) हे तंतुमय भराव, साखरेच्या दृष्टीने निर्धोक.

मिल्क चॉकलेटबद्दल एक बारकावा. त्यात दुधाची पावडर असते आणि तिच्यात लॅक्टोज असतं. १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये १८ ग्रॅम दूध पावडर धरली तर सहा-सात ग्रॅम लॅक्टोज आलंच. म्हणून अशा चॉकलेटांवर 'शुगर-फ्री' न लिहिता 'नो ॲडेड शुगर' लिहितात. या दोन शब्दांचा अर्थ एक नाही.

प्रश्न : कुठलं चॉकलेट मला चालतं हे ग्लुकोमीटरवर घरी कसं तपासायचं? खाल्ल्यावर तासाभराने बघितलं तर फार फरक दिसत नाही.
— एक वाचक, नाशिक

एक तासाचं रीडिंग चॉकलेटसाठी अपुरं आहे. चरबीमुळे चढ उशिरा येतो, माल्टिटॉलमुळे आणखी लांबतो. शिखर दीड-दोन तासांवर किंवा त्याहीपुढे असू शकतं.

पद्धत अशी ठेवा. आधीच्या खाण्याला तीन-चार तास झालेले असावेत. त्या दिवशी व्यायाम, ताप, जागरण, स्टेरॉइडची गोळी यांपैकी काही नसावं. आधीचं रीडिंग घ्या. १४०च्या आत असेल तरच पुढे जा, १८०च्या वर असेल तर त्या दिवशी चॉकलेटच नको. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २० ग्रॅम मोजून घ्या, अंदाजाने नको. सोबत चहा-बिस्किट काही नाही, फक्त पाणी. मग एक, दोन आणि तीन तासांनी रीडिंग. म्हणजे एका चाचणीला चार पट्ट्या लागतात. गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळेलाच घ्या. चाचणीसाठी डोस चुकवू नका.

चुका होतात त्या बहुतेक बोटाच्या टोकावर. चॉकलेट हाताने खाल्लं, बोट नुसतं रुमालाला पुसलं आणि टोचलं, की बोटावर राहिलेला अंश रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मीटर खोटा आकडा दाखवतो. साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा कमी येतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं तर पट्ट्या दमट होतात आणि मग कुठल्याच आकड्याला अर्थ उरत नाही.

मीटरची मर्यादाही ओळखून असा. १००च्या वरच्या साखरेला मीटर १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. म्हणजे १५० हा आकडा प्रत्यक्षात १३० किंवा १७०ही असू शकतो. म्हणून १५-२० अंकांच्या फरकावरून 'हे चॉकलेट मला चालतं, ते चालत नाही' असा निकाल देऊ नका. तीच चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन्ही वेळा ४०-५०च्या वर चढ दिसला तर ते चॉकलेट किंवा ती मात्रा तुमच्यासाठी नाही. दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावला असेल तर काम सोपं होतं, पूर्ण चढ-उताराची रेघ दिसते. फक्त सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप १ आहे. शाळेतल्या वाढदिवसांना ती शुगर-फ्री चॉकलेट घेऊन जाते. त्यासाठी इन्सुलिन द्यायचं की नाही? पाकिटावरचे सगळे कार्ब्ज (कार्बोहायड्रेट) धरून डोस दिला तर तासाभरात साखर खाली जाते आणि नंतर वर येते.
— एक आई, कोल्हापूर

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. झटपट काम करणारं इन्सुलिन तास-दीड तासात जोर धरतं. माल्टिटॉलची साखर तोवर पुरती आलेली नसते आणि तिच्यातला बराच भाग कधी येतच नाही. पूर्ण कार्ब्जवर डोस दिला की आधी खड्डा पडतो आणि मग उशिराचा चढ दिसतो.

हिशेब असा करतात : एकूण कार्बोहायड्रेटमधून पॉलिऑलचा निम्मा भाग वजा. समजा १०० ग्रॅममागे कार्बोहायड्रेट ५० आणि पॉलिऑल ३८ ग्रॅम आहेत. २० ग्रॅमच्या तुकड्यात कार्बोहायड्रेट १० आणि पॉलिऑल ७.६ झाले. निम्मे ३.८ वजा केले की मोजायचे उरले सहा ग्रॅम. मुलीचं प्रमाण एक युनिट इन्सुलिनला १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असेल तर हे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. एवढ्यासाठी वेगळं टोचण्यापेक्षा ते सहा ग्रॅम जेवणाच्या किंवा डब्याच्या डोसात धरणं सोपं. पॉलिऑल एरिथ्रिटॉल असेल तर निम्मा नव्हे, पूर्ण वजा करायचा. आपल्याकडच्या अनेक पाकिटांवर पॉलिऑलची वेगळी ओळ नसते. तशी नसेल तर त्या पाकिटावर हा हिशेब करू नका, दुसरा ब्रँड निवडा. तुमच्या टीममधल्या आहारतज्ज्ञांना एकदा पाकीटच नेऊन दाखवा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. टाइप १ असलेल्या मुलीला दरवेळी वेगळा डबा द्यायलाच हवा असं नाही. वाढदिवसाला सगळ्यांना मिळतं तेच साधं चॉकलेट, दहा-बारा ग्रॅमचं, कार्ब्ज मोजून आणि डोस घेऊन तिलाही खाता येतं. त्याचा हिशेब शुगर-फ्रीपेक्षा सरळ असतो, कारण त्यात वजाबाकी नाही. लहान वजनाच्या मुलांचं पोटही पॉलिऑलने मोठ्यांपेक्षा लवकर बिघडतं, तेव्हा शुगर-फ्री दिलं तर २० ग्रॅमच्या पुढे नको. पाकिटावर 'मुलांसाठी नाही' असा इशारा असेल तर तो पाळा.

प्रश्न : शुगर-फ्री चॉकलेट खाल्लं की माझं पोट गुबारतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज चालू आहे. चॉकलेट खराब असतं का?
— एक वाचक, नागपूर

चॉकलेट चांगलंच असतं. जे माल्टिटॉल लहान आतड्यात पचत नाही ते मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यातून वायू होतो आणि न पचलेला भाग पाणी ओढून घेतो. पाकिटावर 'पॉलिऑलमुळे जुलाब होऊ शकतात' अशी सूचना छापावी लागते ती म्हणूनच. तुमच्या बाबतीत भर पडते ती व्होग्लिबोजची. पिष्टं आणि साखर फोडणारी विकरं अडवणं हेच त्या गोळीचं काम, त्यामुळे जेवणातलाही काही भाग न पचता खाली जातो. मेटफॉर्मिन अनेकांना पोटाचा त्रास देतं. अशी तीन कारणं एका संध्याकाळी एकत्र येतात.

दहा ग्रॅमपासून सुरुवात करा, आठवडाभर तेवढंच ठेवा. सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉल असलेलं टाळा, पोटाला तेच सगळ्यात जड. एरिथ्रिटॉल त्यातल्या त्यात सोसतं. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असणाऱ्यांनी जुलाब अंगावर काढू नयेत. शरीरातलं पाणी दोन्हीकडून कमी होतं. चार-पाच वेळा जुलाब झाले तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन त्या दिवशी घ्यायचं का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

प्रश्न : महाबळेश्वरला सुटी 'शुगर-फ्री' चॉकलेटं किलोवर मिळतात. हल्ली गुळाचं आणि खजुराचं चॉकलेटही मिळतं. मधुमेहींना यातलं काय बरं?
— एक वाचक, पुणे

गूळ आणि खजूर या दोन्हींचा 'शुगर-फ्री'शी संबंध नाही. गुळात ८० टक्क्यांहून जास्त साखरच असते, सुकलेल्या खजुरात ६५ ते ७५ टक्के. गुळात थोडं लोह, खजुरात थोडे तंतू असतात हे खरं. पण रक्तातली साखर त्याची दखल घेत नाही. नारळाची साखर, मध, काकवी यांचंही तेच.

सुट्या चॉकलेटांची अडचण वेगळी. लोणावळा असो वा महाबळेश्वर, चंदेरी कागदात गुंडाळलेल्या तुकड्यावर घटक छापलेले नसतात. काउंटरवरच्या पाटीवर विश्वास ठेवावा लागतो. त्यातली बरीचशी कंपाऊंड स्लॅब वितळवून साच्यात ओतलेली असतात. कंपाऊंड म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तेलापासून बनवलेली घट्ट चरबी वापरलेली स्लॅब. दुकानदाराला मूळ शुगर-फ्री स्लॅबचं पाकीट दाखवायला सांगा, त्यावर घटक असतात. त्याने दाखवलं तर घ्या. दाखवता येत नसेल तर ते साधं चॉकलेट समजूनच खा. आत मनुका, खजूर, टूटीफ्रूटी भरलेला तुकडा असेल तर बाहेरचं आवरण शुगर-फ्री असून काही उपयोग नाही. बदाम किंवा अक्रोड भरलेला बरा.

प्रश्न : मग ८५ टक्के कोकोचं साधं डार्क चॉकलेट बरं की शुगर-फ्री?
— एक वाचक, डोंबिवली

आमचं मत डार्कच्या बाजूने आहे, खाणारा एक-दोन चौकोनांवर थांबणार असेल तर. पाकिटावर ८५ टक्के म्हणजे उरलेले १५ टक्के बहुतेक साखर. १० ग्रॅमच्या चौकोनात दीड ग्रॅम. ७० टक्क्यांच्या चौकोनात तीन ग्रॅमच्या आसपास. पोळीचे एक-दोन घासही एवढं पिष्ट देतात. आणि कडवटपणामुळे हात आपोआप थांबतो. शुगर-फ्री चॉकलेटबाबत नेमकं उलटं होतं : 'मला चालतं' या समजुतीने पाच-सहा तुकडे जातात.

नेहमीच्या मिल्क चॉकलेटचाही ग्लायसेमिक निर्देशांक चरबीमुळे चाळीस-पंचेचाळीसच्या घरातच असतो. तेव्हा 'लो जीआय' (कमी ग्लायसेमिक निर्देशांक) या शब्दावर भाळू नका. निर्देशांक वेग सांगतो, किती साखर पोटात गेली ते मात्रेवर ठरतं. डार्क चॉकलेटने मधुमेह बरा होतो किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) उतरतं, अशा संदेशांना मात्र थारा देऊ नये. ते खाण्याची वस्तू आहे, औषध नव्हे.

प्रश्न : घरी शुगर-फ्री चॉकलेट करून पाहिलं. एकदा ते दाणेदार गोळा होऊन बसलं, एकदा वर पांढरी बुरशी आली. कुठे चुकलं?
— एक वाचक, रत्नागिरी

दाणेदार गोळा होतो तो पाण्यामुळे. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब पडले तरी कोको आणि गोडीचे कण एकमेकांना चिकटतात. स्टीव्हियाचे द्रव थेंब, मध, ओला चमचा, वाफेचं पाणी, काहीही पुरतं. स्टीव्हिया वापरायचा तर पावडर घ्या. पांढरं आलं ती बुरशी नव्हे, ते कोको बटर वर येऊन गोठलेलं असतं. खाण्यालायक असतं, फक्त दिसायला वाईट.

करून पाहण्यासारखं प्रमाण : कोको बटर १०० ग्रॅम, साखरविरहित कोको पावडर ७० ग्रॅम, एरिथ्रिटॉल ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ. एरिथ्रिटॉल मिक्सरच्या पूर्ण कोरड्या भांड्यात पिठीसाखरेसारखं बारीक करून चाळून घ्या. जाडसर राहिलं तर दाताखाली कचकचतं. कोको बटर गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, पाणी उकळतं नको. कोको आणि एरिथ्रिटॉल घालून पाच मिनिटं घोटा. मग २७-२८ अंशांपर्यंत थंड होऊ द्या, सतत हलवत. पुन्हा ३१-३२ अंशांवर आणून साच्यात ओता. हा थंड-गरमाचा टप्पा गाळला की पांढरे डाग येतात. कोकणातल्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर दव धरतं, म्हणून डबा बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जिभेवर गारवा जाणवतो तो एरिथ्रिटॉलचा गुण आहे, दोष नाही.

२० ग्रॅमच्या तुकड्यात पचणारी पिष्टं दीड-दोन ग्रॅमच येतात, साखर जवळपास हलत नाही. पण कॅलरी ९५च्या घरात आणि संपृक्त चरबी सहा ग्रॅम. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असणाऱ्यांनी हे 'घरचं आहे' म्हणून रोज खाऊ नये.

प्रश्न : इथे पाकिटांवर 'नेट कार्ब्ज १ ग्रॅम' असं मोठ्या अक्षरात असतं. त्यावर भरवसा ठेवावा का? आणि एरिथ्रिटॉलने हृदयविकार होतो, अस्पार्टेमने कॅन्सर होतो, हे खरं का? माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांची ॲंजिओप्लास्टी झालेली आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 'नेट कार्ब्ज'ची, म्हणजे तंतू आणि पॉलिऑल वजा करून उरणाऱ्या कार्बोहायड्रेटची, व्याख्या केलेली नाही, कंपन्या आपापल्या हिशेबाने तो आकडा काढतात. अनेकदा सगळे पॉलिऑल पूर्ण वजा करतात, मग ते माल्टिटॉल का असेना. खालच्या तक्त्यात 'शुगर अल्कोहोल'ची ओळ पाहा आणि वर कोल्हापूरच्या पत्राला दिलेला हिशेब स्वतः करा. अ‍ॅल्युलोज (शरीर जवळजवळ वापरत नाही अशी शर्करा) असेल तर तेही पूर्ण वजा करायला हरकत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या संशोधनात, रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झाल्याचं दिसलं. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे खाल्लेल्याने धोका वाढला असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण त्याच कामात निरोगी लोकांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉलचं पेय दिल्यावर रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त चढलेली राहिली. २०२४ मध्ये झायलिटॉलबद्दलही तसाच इशारा आला. ॲंजिओप्लास्टी झालेल्या सासूबाईंना एरिथ्रिटॉलचं चॉकलेट-आइसक्रीम रोज नको. कधीमधी एक तुकडा चालेल, आणि ८५ टक्के कोकोचा छोटा चौकोन त्याहून बरा.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. त्याच वेळी संघटनेच्या अन्नतज्ज्ञांच्या समितीने रोजची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. ६० किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते. दोन चौकोनांत त्याच्या जवळपासही जात नाही.

प्रश्न : बाबांची साखर रात्री ६२ झाली. घरात दुसरं काही सापडेना म्हणून उशाचं शुगर-फ्री चॉकलेट दिलं. वीस मिनिटांनी ५८. असं का?
— एक वाचक, सोलापूर

साखर ७०च्या खाली गेली की चॉकलेट देऊच नये, साधंही नाही. चरबीमुळे त्यातली साखर रक्तात यायला वेळ लागतो, आणि शुगर-फ्रीमध्ये तर चटकन चढणारी साखर नाहीच. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज द्या : चहाचे तीन सपाट चमचे पावडर अर्ध्या कप पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७०च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या. वर आल्यावर पोळी किंवा बिस्किटं.

बाबांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का ते पाहा. असेल तर घरातली साखर आणि गूळही उशिरा काम करतात, कारण साखर फोडणारं विकरच ती गोळी अडवते. त्यांना निव्वळ ग्लुकोजच लागतं. पावडर विकत घेताना घटकांत 'डेक्स्ट्रोज' (ग्लुकोजचंच दुसरं नाव) पाहा आणि फळांच्या चवीची न घेता साधी घ्या. डबा उशाशी ठेवा, सोबत चमचाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा पडू शकते. रात्री दोन-तीन वेळा मोजा आणि सकाळी डॉक्टरांना कळवा. माणूस गुंगीत असेल, गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

प्रश्न : मधुमेहामुळे किडनी कमजोर झाली आहे, क्रिएटिनिन वाढलंय. डार्क चॉकलेट चालेल?
— एक वाचक, जळगाव

इथे साखरेपेक्षा पोटॅशियम आणि फॉस्फरस महत्त्वाचे. ७० ते ८५ टक्के कोकोच्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये ७०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि ३०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. पोटॅशियमवर बंधन असेल तर आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

प्रश्न : घरात कुत्रा आहे. शुगर-फ्रीचा तुकडा त्याला दिला तर चालेल ना?
— एक वाचक, वसई

अजिबात नाही. झायलिटॉल (९६७) कुत्र्याच्या शरीरात एकदम इन्सुलिन सोडायला लावतं, त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते आणि यकृतालाही इजा होते. झायलिटॉल नसलं तरी कोकोमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारीच. चुकून खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न पाहता पाकिटासकट पशुवैद्याकडे जा.